आमचा कॉन्ट्रा नक्की कुठला?

सॉफ्टवेअरचं टेस्टिंग हा माझा पोटापाण्याचा धंदा. कुणीही येऊन "अमुक चालत नाहीये" म्हणालं, की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: कुठल्या व्हर्जनवर? त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढचं काही बोलायचं नाही. तोक्योत आल्यापासून गेली चौदा वर्षं मी हा प्रश्न जपानीतून विचारते आहे. गेल्या उन्हाळ्यात मात्र तो घरातच उभा राहिला, मराठीतून, आणि त्याचं उत्तर शोधण्यात आमची निम्मी सुट्टी गेली.

निमित्त लेकीच्या शाळेचं. जपानी शाळांना जुलैच्या उत्तरार्धात सुट्टी लागते आणि त्या सुट्टीत मुलांना 'जियू केंक्यू' करावं लागतं. शब्दशः 'मुक्त संशोधन'. विषय स्वतः निवडायचा, काहीतरी शोधायचं, करून बघायचं आणि सप्टेंबरात ते कागदावर मांडून शाळेत न्यायचं. कुणी मुंग्या पाळतं, कुणी लिंबाची बॅटरी करतं. आमची लेक पाचवीत. तिने जाहीर केलं, "आई आणि मामा लहानपणी खेळायचे तो गेम मी मराठीत करणार."

मी लगेच हो म्हणाले. गेमपेक्षा 'मराठीत' हा शब्द मला जास्त महत्त्वाचा होता. परदेशात मुलं वाढवणाऱ्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जपानीतून येतं. सांगलीला आजीशी व्हिडिओ कॉल झाला की "हो", "नाही", "बरी आहे" एवढ्यावर गाडी थांबते आणि उरलेलं मी मध्ये बसून भाषांतरित करते. बालभारतीची पुस्तकं आणून झाली, गोष्टींच्या सीडी आणून झाल्या. आता मराठीची गरज तिला स्वतःला पडली होती. अशी संधी कोण सोडणार?

तो गेम म्हणजे कॉन्ट्रा. नव्वदच्या दशकात ज्यांचं लहानपण महाराष्ट्रात गेलं, त्यांना वेगळं सांगायची गरज नाही. दोन गडी, कमरेला बंदुका, डावीकडून उजवीकडे पळत सुटायचं आणि समोर येईल त्याला उडवायचं. आमच्याकडे मे महिन्यात मारुती चौकाजवळच्या एका दुकानातून व्हिडिओ गेम दिवसाच्या भाड्याने यायचा. पुढे दादाने हट्ट करून स्वतःचा घेतला. पहिला कंट्रोलर दादाचा, दुसरा माझा, यावर कधी चर्चासुद्धा झाली नाही. दादा निळा, मी लाल. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. तिला कार्ट्रिज म्हणतात हे मला जपानात आल्यावर कळलं. इथले लोक मात्र तिला 'कासेत्तो'च म्हणतात, म्हणजे आपण काही फार चुकत नव्हतो.

मॉड करणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात मुलं नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवा गेम लिहायचा नाही. असलेल्या गेममधली चित्रं, शब्द, नियम बदलायचे. घर तेच, फक्त रंग, पडदे आणि दारावरची पाटी आपली. आता पाटी बदलायची तर आधी घर कुठलं ते ठरवावं लागतं, आणि तिथेच आम्ही अडकलो. कारण कॉन्ट्रा एक नाही.

मूळ गेम कोनामी या जपानी कंपनीचा. १९८७ साली तो नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर आला आणि ९ फेब्रुवारी १९८८ रोजी घरच्या फामिकॉमवर. फामिकॉम म्हणजे क्योतोच्या निन्तेन्दोने १९८३ च्या जुलैत बाजारात आणलेलं यंत्र. त्याची रचना उएमुरा मासायुकी यांच्या हाताखाली झाली. अमेरिकेत हेच यंत्र वेगळ्या पेटीत, वेगळ्या नावाने गेलं आणि त्याच वर्षी तिथेही कॉन्ट्रा पोचला. युरोपात तो आणखी उशिरा आला आणि येताना त्यातली माणसं गायब झाली. दोन्ही गड्यांचे आणि बऱ्याच शत्रूंचे यंत्रमानव झाले, नावही बदलून 'प्रोबोटेक्टर' झालं. जर्मनीतल्या मुलांच्या संरक्षणाच्या नियमांमुळे माणसांवर गोळ्या झाडणं टाळलं, असं त्याचं कारण सांगतात.

म्हणजे तीन अधिकृत आवृत्त्या. वरवर पाहता जपानी आणि अमेरिकी सारख्याच. टप्पे आठ, शत्रू तेच, उड्या त्याच. पण कोनामीने २०१९ मध्ये जुने कॉन्ट्रा एकत्र करून पुन्हा विकायला काढले होते. ते लेकीच्या स्विचवर घेतले आणि दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ खेळून पाहिल्या, तेव्हा फरक दिसायला लागले. जपानी कॉन्ट्रात सुरुवातीला कथा येते. टप्पा सुरू होण्याआधी बेटाचा नकाशा दिसतो. टप्प्यांच्या मध्ये छोटी दृश्यं आहेत, त्यांत जपानी मजकूर आहे. जंगलात झाडांची पानं हलतात, बर्फाच्या टप्प्यात बर्फ उडतो. अमेरिकी कॉन्ट्रात यातलं काही नाही. टप्प्याचा क्रमांक आणि नाव येतं, की गडी पळायला लागले.

लेकीने विचारलं, "मग मामाच्या गेममध्ये बर्फ उडायचा का?"

मला आठवेना. सांगलीत साडेचार वाजले होते, इथे रात्रीचे आठ. दादाला फोन लावला. तोही थांबला. "बर्फ होता. उडत नव्हता बहुतेक. आणि कथाबिथा कसली? लावला की हाणामारी सुरू." लढाई कुठे चालली आहे असं वाटायचं, हे लेकीने मला विचारायला लावलं. तो म्हणाला, "आम्ही तर चांदोलीच्या जंगलात लढतोय असं धरून चालायचो." जपानी कथेत ही लढाई इ.स. २६३३ मधली, न्यूझीलंडजवळच्या गालुगा नावाच्या काल्पनिक बेटांवरची. अमेरिकेतल्या पुस्तिकेत तीच वर्तमानकाळात आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलात आणून ठेवली. चांदोली ही तिसरी आवृत्ती फक्त आमच्या घरची.

याचा अर्थ आम्ही खेळलो तो अमेरिकी कॉन्ट्रा? इतकंही सोपं नव्हतं. फामिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात, अमेरिकी यंत्राच्या कॅसेटला ७२. आपल्याकडची यंत्रं बहुतेक फामिकॉमच्या नकला. त्यांच्या कॅसेटी साठ पिनांच्या, जपानी मापाच्या. मग कॅसेट जपानी मापाची आणि आतला गेम अमेरिकी, हे कसं? कारण नक्कल करणाऱ्यांच्या सोयीत आहे. जपानी कॉन्ट्राच्या कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची 'व्हीआरसी२' नावाची चिप आहे. चित्रांचे संच भराभर बदलायचं काम ती करते, म्हणून पानं हलतात. अमेरिकी कॅसेटमध्ये अशी खास चिप नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या चिपांवर काम भागतं, म्हणजे नक्कल स्वस्तात होते. 'शंभर गेम एकात' लिहिलेल्या कॅसेटी आठवतात ना? त्या यादीत कॉन्ट्रा एकदा नाही, अनेकदा असायचा. एकात तीस लाइफ, दुसऱ्यात पहिल्यापासूनच 'एस'वाली बंदूक, तिसरा थेट धबधब्यापासून. तेही मॉडच म्हणायचे, फक्त कुणी केले ते कुणाला माहीत नाही.

आता या सगळ्यात आणखी एक थर. आपल्याकडचा रंगीत टीव्ही १९८२ पासून पाल पद्धतीचा, म्हणजे पडदा सेकंदाला पन्नास वेळा भरणारा. जपान-अमेरिकेचा टीव्ही साठ वेळा भरणारा. फामिकॉमचे गेम घड्याळाकडे बघत नाहीत, ते पडदा किती वेळा भरला ते मोजतात. त्यामुळे साठच्या हिशोबाने लिहिलेला गेम पन्नासच्या यंत्रावर घातला, की सगळंच एक षष्ठांशाने मंदावतं. जपानी मुलाचं एक मिनिट आमच्याकडे बहात्तर सेकंदांचं व्हायचं. नकली यंत्रांमध्ये मुख्य चिपचा वेग जवळजवळ मूळ यंत्राइतकाच ठेवलेला असे. त्यामुळे संगीताचे सूर तेच राहत, फक्त लय संथ होई. रशियात अशाच एका नकली यंत्राचं नाव 'डेंडी' होतं. ते तिथे इतकं गाजलं, की आज संगणकावर जुने गेम चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये या वेगाच्या पर्यायाला 'डेंडी' असंच नाव आहे.

मी तो पर्याय निवडला आणि पहिल्या टप्प्याचं संगीत सुरू केलं. इतके दिवस स्विचवर ऐकताना काहीतरी घाईचं वाटत होतं, ते आता जागेवर आलं. तीस सेकंद रेकॉर्ड करून दादाला पाठवलं. उत्तरात एकच शब्द आला, "हेच." लेक शेजारून म्हणाली, "ओसोई." फारच हळू.

म्हणजे आमचा कॉन्ट्रा असा: जपानी मापाची कॅसेट, अमेरिकी गेम, कुणा अज्ञात नक्कलकाराच्या करामती, पाल टीव्हीचा वेग आणि वर चांदोलीचं जंगल. अशी आवृत्ती कुठल्याच कंपनीने कधी काढलेली नाही. आणि आमची स्वतःची कॅसेट तर आता नाहीच. ती गावभागातल्या जुन्या घरी लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आत आलं, तेव्हा कपाटासकट गेली. त्या पुरात लोकांचं जे गेलं त्यापुढे एका कॅसेटचं काय एवढं? आईला तर पुढे घरच सोडून दादाकडे विश्रामबागला यावं लागलं. पण लेकीने 'मामाचाच गेम हवा' असं म्हटल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं, की तो परत मिळवायला आता कुठेच जाता येणार नाही.

मॉडच्या कामात आवृत्तीचा इतका आग्रह का, तेही सांगते. असे बदल साठवायची जुनी पद्धत 'आयपीएस' फाइलची. तिच्यात फक्त एवढंच लिहिलेलं असतं, की अमुक क्रमांकाच्या जागेवर अमुक ठेवा. ती जागा तुमच्या फाइलमध्ये खरंच तीच आहे का, हे ती बघत नाही. पोस्टमनने गल्ली न बघता नुसता घर क्रमांक बघून पत्र टाकावं, तसं. जपानी कॉन्ट्रासाठी केलेला बदल अमेरिकीवर लावला, तर शब्दांच्या जागी बंदुकीच्या गोळ्यांचे तुकडे दिसतील किंवा गेम सुरूच होणार नाही. फाइलच्या सुरुवातीला सोळा बाइटांचं शीर्षक जोडलेलं आहे की नाही, एवढ्यानेसुद्धा सगळे पत्ते सोळा घरं सरकतात. नव्या 'बीपीएस' पद्धतीत मूळ फाइलची खूणगाठ आधी पडताळतात आणि चुकीची असली तर काम तिथेच थांबतं. मी अर्थातच तीच निवडली. धंद्याची सवय.

दुसरा प्रश्न कायद्याचा. जपानात राहून हा सोडवल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हतं. जुन्या गेमच्या फाइली कुठूनतरी उतरवून घेणं इथे बेकायदा आहे. पण स्वतः विकत घेतलेल्या वस्तूची घरगुती वापरापुरती प्रत काढायला कायद्यात जागा आहे. बदल करण्याबद्दल मात्र इथली न्यायालयं कडक आहेत. 'तोकिमेकी मेमोरियल' नावाच्या गेमसाठी कुणीतरी आयते आकडे भरलेली मेमरी कार्डं विकली होती. त्यांच्यामुळे गेमची गोष्टच बदलते आणि कर्त्याच्या कृतीची अखंडता भंगते, असं जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २००१ रोजी ठरवलं आणि विकणाऱ्याला जबाबदार धरलं. फिर्यादी कंपनी होती कोनामी, म्हणजे कॉन्ट्रावालीच! तेव्हा आमचं ठरलं: कॅसेट रीतसर विकत घ्यायची, तिचीच प्रत काढायची आणि बदललेला गेम घराबाहेर कुणालाही द्यायचा नाही. शाळेतसुद्धा न्यायचा नाही. शाळेत जाईल तो फक्त कागद.

यातून आवृत्तीचा प्रश्न अर्धा सुटला. इथे दुकानात सहज मिळते ती जपानी कॅसेट. एका शनिवारी निशिकासाईहून तोझाई लाइनने कायाबाचोला, तिथून हिबिया लाइनने अकिहाबाराला गेलो. जुन्या गेमांच्या दुकानांत खोकं नसलेल्या कॅसेटीला 'हादाका' म्हणतात, म्हणजे उघडी. अशी एक उघडी कॉन्ट्रा काही हजार येनांना मिळाली. लेकीने पाकिटावरची नावाची तीन अक्षरं वाचली: कोन, तो, रा. पहिल्याचा अर्थ आत्मा, दुसऱ्याचा लढाई. "रा म्हणजे काय?" तिला 'आशुरा' हा शब्द माहीत होता, त्याच्या शेवटी हेच अक्षर येतं. तो मूळचा आपला असुर. राक्षसाला जपानीत 'रासेत्सु' म्हणतात, त्याच्या सुरुवातीला पुन्हा हेच अक्षर. संस्कृतातला 'र' चिनी लिपीत लिहायला बौद्ध भाषांतरकारांनी हे अक्षर वापरलं आणि ग्रंथांबरोबर ते जपानात आलं. लेक म्हणाली, "म्हणजे यातलं एक अक्षर आधीच आपलं आहे."

उरलेला अर्धा प्रश्न तिनेच सोडवला. माझा ओढा साहजिकच आमच्या लहानपणच्या कॉन्ट्राकडे, म्हणजे अमेरिकी आवृत्तीकडे होता. अमेरिकी कॅसेट परदेशातून मागवता आली असती. पण तिचं म्हणणं सरळ होतं: "त्यात शब्दच नाहीत. मग मी मराठी कुठे लिहू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या आठवणीतल्या कॉन्ट्रात मराठीला जागाच नव्हती. टप्प्यांची आठ नावं लिहिली की काम संपलं. जपानी आवृत्तीत कथा आहे, नकाशा आहे, हुकूम आहेत, निरोप आहेत. शिवाय तांत्रिक सोयही तिच्याच बाजूची. अमेरिकी कॅसेटमध्ये चित्रं आकसून प्रोग्रामच्या आत दाबून बसवलेली आहेत, ती आधी उलगडावी लागतात. जपानी कॅसेटमध्ये चित्रांची चिप वेगळी आहे, त्यामुळे अक्षरांचे चौकोन सरळ उघडून रंगवता येतात. अकरा वर्षांच्या मुलीला जमायचं असेल तर हीच.

आणि संथ लयीचं काय? तिला मॉडची गरजच नाही. वेग यंत्राचा, गेमचा नाही. फाइल एकच ठेवायची. लेकीने साठवर खेळावं, दादाने पन्नासवर.

मग खरं काम सुरू झालं. फामिकॉमचा पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांचा. आडवे ३२, उभे ३०. मागच्या दृश्यासाठी एका वेळी २५६ वेगळे चौकोन हाताशी असतात, त्यातलेच चित्राला आणि त्यातलेच अक्षरांना. जपानी काना एका चौकोनात सुखाने मावतो. देवनागरीला वर वेलांटी हवी, खाली उकार हवा, मध्ये शिरोरेघ. एका अक्षराला एकावर एक दोन चौकोन द्यावे लागले. 'धबधबा' हा आमचा पहिला शब्द. वर काही नाही, खाली काही नाही. 'ऊर्जा' या शब्दाने मात्र एक अख्खा दिवस खाल्ला, रफार कुठे ठेवायचा म्हणून. 'दुसऱ्या'मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र आठ ठिपक्यांत बसवणं तर कोरीवकाम.

इथे आजी कामात आली. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका. संगणकावर दिसणारा ल आणि श बऱ्याचदा हिंदी वळणाचा असतो. मराठी वळणाचा हवा असेल तर काढून कोण दाखवणार? दादाने गणिताची चौकोनी वही आणून दिली आणि आजी रोज दुपारी एकेक अक्षर चौकोन भरून काढू लागली. दादा फोटो पाठवायचा. लेक ते ठिपके उतरवायची आणि संध्याकाळी फोन करायची. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबायचे. "आजी, ध आणि घ सेम दिसतंय." "अगं, ध-ची गाठ वर वळव, आणि त्याच्या डोक्यावरची रेघ पूर्ण जोडू नकोस." ठिपका, गाठ, रेघ, वर, खाली, डावीकडे, अजून एक, पुसून टाक. एवढ्या शब्दांवर त्यांचे वीस-वीस मिनिटं फोन व्हायला लागले. वाक्यं मोडकी होती, मध्ये जपानी घुसायचं. पण मधल्या भाषांतरकाराची गरज लागत नव्हती.

मजकुराची मराठीही एकच नव्हती. मी लिहून दिलं, "शत्रूचा तळ उद्ध्वस्त करा." त्यातल्या 'उद्ध्वस्त'ने चौकोनांचा निम्मा साठा गिळला असता. दादाला विचारलं तर म्हणाला, "तळ उडव, एवढं बास की." मोजून पाच अक्षरं. बसली. त्यानंतर सगळे हुकूम मामाच्या सांगलीच्या बोलीत होत गेले: "फुडं हो", "हाण", "लई भारी". मी एकदा सुचवून पाहिलं, की शाळेच्या कागदावर प्रमाण मराठी असलेली बरी. लेक म्हणाली, "पण मामा असंच बोलतो ना?" कमी जागेत बसणारी आणि जिच्या तोंडची आहे ते माणूस ओळखू येणारी, अशी ती मराठी. माझा विरोध तिथेच संपला.

सप्टेंबरात शाळेत गेला तो एक मोठा कागद. त्यावर आठ बाय सोळाच्या चौकोनांत सदतीस देवनागरी अक्षरं, शेजारी त्यांचे उच्चार कानात, आणि खाली एक तक्ता: याच जागेत जपानी अक्षर कसं बसतं, मराठी कसं बसतं. वर्गातल्या मुलांनी आपापली नावं त्या चौकोनांत लिहून मागितली म्हणे. गेम घरीच आहे. डिसेंबरात सांगलीला जाऊ तेव्हा लॅपटॉपवर बरोबर नेऊ. दादाने पहिला कंट्रोलर आत्ताच स्वतःसाठी राखून ठेवला आहे. दुसऱ्यासाठी आता माझ्याबरोबर लेकही रांगेत आहे.

एकच काम राहिलंय. आठव्या आणि शेवटच्या टप्प्याचं नाव. परग्रहावरून आलेल्या शत्रूची ती गुहा. 'परग्रहवासीयांचं विवर' मी स्वतःच बाद केलं. लेकीला 'रा'मुळे राक्षस हवाच आहे. दादा म्हणतो 'राक्षसाचं बीळ', आजी म्हणते बीळ उंदराचं असतं, राक्षसाचा वाडा म्हणा. तुम्हाला काही सुचलं तर कळवा. जोडाक्षरं शक्यतो कमी, आणि रुंदी चौदा चौकोनांच्या आत.